गाळाचा दाणा आणि त्याचा चिकटा

खारदांड्याच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला सांडपाणी हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. गझधरबंधचा नाला इथे जवळच दर्याला मिळतो. ओहोटीला त्याचा काळसर पट्टा दिसतो आणि डोलीत जवळ्या-बोंबलाबरोबर काय काय येतं ते जाळं साफ करणाऱ्या बायकांना विचारावं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि पुढे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांवर काम करत राहिले: पश्चिम उपनगरांतल्या गृहसंकुलांचे एसटीपी, एक डेअरी, काही काळ ऊसपट्ट्यातली एक डिस्टिलरी. जागा बदलल्या, पाणी बदललं, पण प्रकल्प चालतो की कोसळतो हे बहुतेक वेळा एकाच गोष्टीवर ठरलं. ती म्हणजे जिवाणू स्वतःभोवती सोडतात तो चिकट स्राव. ब्लोअर किती अश्वशक्तीचा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. या चिकट्याकडे मात्र कुणी बघत नाही. म्हणून माझ्या हाताला आणि डोळ्यांना कळलेलं लिहून ठेवते आहे.

१. पाणी जिवाणू शुद्ध करतात, पण गाळ चिकट्यामुळे बसतो

१९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून, खाली बसलेला गाळ पुन्हा पुन्हा वापरून पाणी स्वच्छ करण्याची रीत जगासमोर मांडली. आजही बहुतेक एसटीपी त्याच तत्त्वावर चालतात. जिवाणू पाण्यातली घाण खातात, हे खरं. पण एकटा जिवाणू इतका बारीक असतो की तो तासन् तास पाण्यात तरंगत राहील. त्याने घाण खाल्ली तरी तोच पाण्याबरोबर बाहेर गेला, तर उपयोग काय? त्यांचे पुंजके व्हावे लागतात, पुंजके जड व्हावे लागतात आणि खाली बसावे लागतात. हे काम स्रावाचं. त्यात प्रथिनं असतात, लांब साखळ्यांच्या शर्करा असतात, मेलेल्या पेशींतून सुटलेला डीएनए असतो, थोडी स्निग्ध द्रव्यं असतात. लॅबमध्ये आम्ही या सगळ्याला मिळून ईपीएस म्हणतो.

जिवाणूंच्या थरांवर आयुष्य घालवलेल्या फ्लेमिंग आणि विंगेंडर या जर्मन शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं की बहुतेक थरांत सुक्या वजनापैकी जिवाणू दहा टक्क्यांहूनही कमी असतात, बाकी बहुतेक सगळं त्यांनी विणलेलं हे जाळं. गाळाच्या पुंजक्यात प्रमाण वेगळं असेल, पण दिशा तीच. माझी आई मासा हातात घेतला की आधी त्याच्या अंगावरची बुळबुळ बघायची. ती पातळ, पारदर्शक आणि सगळीकडे सारखी असेल तर मासा चांगला. गाळाचंही मी तसंच बघायला शिकले. चिमटीत घेतलेला गाळ हलका चिकट, पण तार न धरणारा असावा.

२. सिलिंडरकडे पाचव्या मिनिटाला बघा

एसटीपीवरची सगळ्यात जुनी चाचणी म्हणजे एक लिटरच्या सिलिंडरमध्ये एअरेशन टाकीतला गाळ भरायचा आणि अर्ध्या तासाने तो किती खाली बसला ते वाचायचं. रजिस्टरमध्ये तेवढा एकच आकडा लिहिला जातो. माझ्या मते पाचव्या मिनिटाचा आकडा जास्त बोलका आहे. पाचव्या आणि तिसाव्या मिनिटाच्या आकड्यांत फरकच उरला नाही, तर समजावं की गाळ दाणेदार झाला आहे. साधा गाळ कापसासारखा सैल असतो आणि तासाला जेमतेम मीटरभर खाली जातो. दाणा तासाला दहा मीटर आणि त्याहूनही जास्त वेगाने जातो.

२००४ साली म्युनिकमध्ये जगभरचे अभ्यासक जमले आणि त्यांनी दाण्याची व्याख्या ठरवली. पाणी ढवळणं थांबल्यावरही जे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत आणि साध्या गाळापेक्षा स्पष्टपणे वेगाने बसतात, ते दाणे. पहिली अट वाचून मला फार बरं वाटलं. दाण्याचा चिकटा आतल्या आत घट्ट असतो, शेजाऱ्याला चिकटायला तो बाहेर सैल लोंबत नाही. स्रावाचे दोन भाग असतात, पेशीला घट्ट बिलगलेला आणि बाहेर सैल सुटलेला. सैल भाग वाढला की गाळ पाणी धरून ठेवतो, फुगतो, बसत नाही. म्हणजे नुसता चिकटा जास्त असून भागत नाही, तो कुठे आहे हे महत्त्वाचं.

मुंबईत याला आणखी एक अर्थ आहे. गाळ वेगाने बसला तर निवळण्याची वेगळी मोठी टाकी लागत नाही आणि त्याच टाकीत हवा, त्याच टाकीत निवळणं होतं. जिथे एसटीपी इमारतीच्या तळघरात मोटारींच्या बाजूला कोंबलेला असतो, तिथे ही जागा फार मोलाची.

३. दाणा भुकेने घडतो आणि भुकेनेच मोडतो

दाणे कसे बनतात यावर नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात मार्क फान लोस्ड्रेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यातूनच नेरेडा ही पद्धत निघाली आणि २०१० नंतरच्या दशकात शहरांच्या मलजलासाठी मोठ्या प्रमाणावर पसरली. त्यांची युक्ती साधी आहे. आधी हवा बंद ठेवून जिवाणूंना पोटभर खायला द्यायचं, मग हवा सुरू करून बराच वेळ काहीच द्यायचं नाही. जे जिवाणू मिळालेलं अन्न पोटात साठवून हळूहळू वापरतात तेच टिकतात. हळू वाढणारे जिवाणू गुळगुळीत, घट्ट दाणा बनवतात; भराभर वाढणारे तंतू आणि केसाळ पुंजके. त्यात निवळण्याचा वेळ कमी ठेवला की सैल गाळ पाण्याबरोबर वाहून जातो आणि जड दाणे मागे राहतात.

भारतातही हे झालं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या कल्पाक्कमच्या शास्त्रज्ञांनी दाणेदार गाळाची एचजीएसबीआर ही पद्धत विकसित केली आणि २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात तिच्यावर चालणारे प्रकल्प वापरले गेले. ज्यांच्या केंद्राचं मुख्य ठिकाण आमच्या तुर्भ्याला आहे, त्यांच्याकडून असं काम झालं याचा मला अभिमान वाटतो.

पण भूक फार लांबली तर? जिवाणू स्वतःचाच चिकटा खातात. ईपीएस हे त्यांचं घर आहे तसं अडीअडचणीचं धान्यही. मे महिन्यात संकुलातली निम्मी कुटुंबं गावाला जातात, येणारं पाणी पातळ होतं आणि ब्लोअर मात्र रोजच्यासारखाच घुमत राहतो. काही दिवसांत सिलिंडरमध्ये गाळ खाली बसलेला दिसतो, पण वरचं पाणी धुरकट राहतं, त्यात सुईच्या टोकाएवढे कण तरंगतात. दाण्याच्या गाभ्यातला चिकटा विरघळला की दाणा आतून पोकळ होतो आणि एक दिवस फुटतो. मोठे दाणे आधी फुटतात, कारण त्यांच्या गाभ्यापर्यंत ना प्राणवायू पोचत, ना अन्न. म्हणून सुट्टीच्या दिवसांत हवेचे तास कमी करायचे आणि गाळ काढून टाकण्याचं प्रमाण नव्याने ठरवायचं. वीजबिलही कमी येतं, हे सोसायटीच्या कमिटीला लगेच पटतं.

४. शाईचा एक थेंब खूप काही सांगतो

डेअरीच्या पाण्यात साखर भरपूर असते, दुधातलं लॅक्टोज. तिच्या मानाने नत्र आणि स्फुरद कमी पडलं की जिवाणूंना नवी पेशी बनवता येत नाही. मग ते जास्तीच्या साखरेचा चिकटाच करत सुटतात. गाळ जेलीसारखा लदलदतो, टाकीवर पांढरा जाड फेस येतो, निवळण्याच्या टाकीतून गाळ उतू जातो. पुष्कळ जण याला तंतुमय जिवाणूंचा त्रास समजून क्लोरीन ओततात. क्लोरीनने हे बरं होत नाही.

ओळखायची रीत स्वस्त आहे. काचपट्टीवर गाळाचा थेंब, त्यात काळ्या इंडिया इंकचा थेंब आणि मायक्रोस्कोपखाली नजर. शाईचे कण चांगल्या गाळाच्या पुंजक्यात आतपर्यंत शिरतात. चिकटा माजला असेल तर ते आत शिरू शकत नाहीत आणि काळ्या पडद्यावर मोठे पांढरे डाग उरतात. हे डाग दिसले की औषध यूरिया आणि डीएपी. ढोबळ हिशोब शंभर भाग बीओडीला, म्हणजे जिवाणू खाऊ शकतील अशा घाणीच्या मापाला, पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद. डोस सुरू झाल्यावर गाळ हळूहळू ताळ्यावर येतो, एका रात्रीत नाही. तेवढा धीर ठेवावा लागतो आणि व्यवस्थापनालाही ठेवायला लावावा लागतो.

५. उधाणाचे दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा

ही गोष्ट मला दांड्यानेच शिकवली. इथल्या प्रत्येक घरात तिथीवरून पाणी कळतं: अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनाऱ्यालगतच्या जुन्या मलवाहिन्यांत उधाणाच्या भरतीला समुद्राचं पाणी शिरतं. नव्या इमारतींत वेगळाच मार्ग आहे. बोअरचं मचूळ पाणी फ्लशला वापरतात आणि ते सरळ एसटीपीत येतं.

मीठ आलं तर बिघडतं काय? ईपीएसवर उणे प्रभार असतो. प्रथिनं आणि शर्करांच्या साखळ्या त्यामुळे एकमेकींपासून दूर राहायला बघतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांना दोन दोन हात असल्याने ते दोन साखळ्यांना एकत्र धरतात. सोडियमला एकच हात. त्याची गर्दी झाली की तो कॅल्शियमची जागा घेतो आणि धरलेल्या साखळ्या सुटतात. अमेरिकेतल्या हिगिन्स आणि नोव्हाक यांनी १९९७ साली दाखवलं की एकहाती आयनांचं दुहातींशी प्रमाण, प्रभाराच्या हिशोबाने, दोनाच्या वर गेलं की गाळाचं बसणं आणि त्यातलं पाणी सुटणं, दोन्ही बिघडतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम कॅल्शियम असतं. प्रमाण काढून बघा, चाराच्या जवळ जातं.

त्याहून वाईट असतो तो हेलकावा. मीठ रोज सारखंच असेल तर जिवाणू रुळतात, जास्त चिकटा सोडून स्वतःला झाकून घेतात, आणि खाऱ्या पाण्यातही चांगले दाणे होतात. हाँगकाँगमध्ये बहुसंख्य घरांत संडासाला समुद्राचंच पाणी वापरतात. तिथले प्रकल्प खाऱ्या मलजलावर चालतातच. पण भांगाला गोडं आणि उधाणाला खारं, असं दर पंधरवड्याला झालं की पेशी कधी आक्रसतात, कधी फुगतात, काही फुटतात आणि त्यांच्यातला ऐवज पाण्यात मिसळतो. पाणी गढूळ होतं, फेस येतो. शिवाय समुद्राच्या पाण्याबरोबर सल्फेट येतं, बंद पाइपात त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो आणि त्यावर थायोथ्रिक्ससारखे तंतू माजतात. वास आधी येतो, तंतू मागून.

मी इनलेटच्या क्लोराईडचा आकडा तिथीसमोर लिहायला लागले तेव्हा गाळ का बिघडतो हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही, तक्ताच बोलायचा. उपाय दोन. उधाणाच्या आधी समतोल टाकी शक्य तितकी गोड्या सांडपाण्याने भरून ठेवायची, म्हणजे खारं पाणी त्यात मिसळून हळूहळू पुढे जातं. आणि कॅल्शियम द्यायचं. सिंगापूरच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये नोंदवलं होतं की लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर ३२ दिवसांऐवजी १६ दिवसांत दाणे तयार झाले. चुन्याची निवळी पीएचवर लक्ष ठेवून थोडी थोडी द्यावी. अति झालं तर दाण्याच्या गाभ्यात खडू जमतो; दाणा जड होतो, झपकन बसतो, सिलिंडरमध्ये देखणा दिसतो, पण त्यात जिवंत जिवाणू कमी उरतात.

६. काळा दाणा सोशिक असतो, चरबी मात्र सोसत नाही

डिस्टिलरीत हवेविना चालणाऱ्या यूएएसबी टाकीतले दाणे मी पहिल्यांदा हातावर घेतले. काळे, मोहरीएवढे, दाबले तर किंचित लवचीक. हॉलंडच्या गात्झे लेटिंगा यांनी सत्तरच्या दशकात साखर कारखान्याच्या पाण्यावर ही टाकी विकसित केली. पुढे आपल्याकडे १९८९ साली कानपूरच्या जाजमऊत मलजलासाठी तिचा प्रकल्प उभा राहिला. हे दाणे घडायला महिने लागतात, म्हणून एका कारखान्याचे दाणे टँकरने दुसऱ्याकडे नेले जातात. गळीत हंगाम संपला की ते उपाशी पडून राहतात आणि पुढच्या हंगामात थोडं थोडं खायला दिलं की पुन्हा कामाला लागतात. त्यांचा चिकटा हवेतल्या दाण्यांसारखा भराभर खाल्ला जात नाही.

चरबीचं मात्र तसं नाही. लांब साखळ्यांची स्निग्धाम्लं दाण्यावर बाहेरून लेप देतात, आत तयार झालेला वायू अडकतो आणि दाणा वर तरंगून निघून जातो. चरबी दाण्यांपर्यंत पोचायच्या आधी काढावी. एवढंच.

७. बाथरूम धुतलेलं पाणी एसटीपीला कळतं

सणासुदीला सोसायटीत टाक्या धुतल्या जातात, ब्लिचिंग पावडरची पोतीच्या पोती रिकामी होतात, संडासात ॲसिड पडतं. पहिल्या धक्क्याला जिवाणू चिकटा वाढवून तोंड देतात. ईपीएस विषारी द्रव्यं स्वतःवर झेलतो, आतल्या पेशींपर्यंत ती उशिरा आणि कमी पोचतात. म्हणून त्या दिवशी गाळ ठीकच दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. बिघाड दोन-चार दिवसांनी दिसतो, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही. सफाई करणाऱ्या ताई-दादांना आधी विचारावं, कधी काय ओतलं. त्यांना नेमकं माहीत असतं आणि विचारल्यावर ते सांगतात. त्यांच्याशी नीट बोलण्याइतका उपयोगाचा सेन्सर मला अजून भेटलेला नाही.

यांत्रिक धक्काही असतो. गाळ परत आणणारा पंप फार वेगाने फिरणारा असेल तर तो दाणे चिरडतो. हवेवर चालणारा साधा एअरलिफ्ट पंप दिसायला गबाळा, पण दाण्याला जपतो.

८. काढून टाकलेला चिकटाही कामाचा

गाळातलं पाणी पिळून काढताना हाच चिकटा आडवा येतो. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून बसतो, म्हणून फिल्टर प्रेसमधून ओली वडी पडते आणि पाणी सुटावं म्हणून घालायच्या पॉलीचा खर्च वाढतो. मेम्ब्रेनवर चालणाऱ्या प्रकल्पात तोच मेम्ब्रेनची छिद्रं बुजवतो. पण डच लोकांनी त्यातही उत्पन्न शोधलं. दाण्यांच्या ईपीएसमध्ये समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटसारखा पदार्थ असतो. तो वेगळा काढून काउमेरा या नावाने विकायचं ठरलं आणि २०१९ मध्ये झुटफेन इथे त्याचा पहिला कारखाना सुरू झाला, तोही दुग्धप्रक्रियेच्या सांडपाण्यावर. आपल्याकडे डेअऱ्या आणि साखर कारखाने इतके आहेत की पुण्या-कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. प्रयोगाला लागणारा गाळ कुणीही आनंदाने देईल.

९. बांद्र्याच्या प्रकल्पाकडून दांड्याला काय हवं

आमच्या भागाचं मलजल बांद्र्याला जातं. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९५ साली मंजूर झालेल्या योजनेत तिथून साडेतीन किलोमीटरच्या आसपास समुद्रात जाणारा बोगदा झाला. चाळणी लावून आणि रेती काढून मलजल त्यातून खोल पाण्यात सोडायचं, ही ती व्यवस्था. जिवाणूंकडून शुद्धीकरण त्यात नव्हतंच. आता वरळी, बांद्रा, मालाड, धारावी, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप अशा सात ठिकाणी नवे प्रकल्प उभे राहत आहेत. १९ जानेवारी २०२३ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचं भूमिपूजन झालं. सातांची मिळून क्षमता दिवसाला २४६४ दशलक्ष लिटर, त्यात बांद्र्याची ३६०. ज्या दर्यावर आमची घरं चालली त्याच्यासाठी इतकं मोठं काम होतं आहे, याची वाट आम्ही फार वर्षं बघितली आहे.

पद्धत कोणतीही असो, गाळ बसवायचा तर चिकटा सांभाळावा लागणार आणि या किनाऱ्यावर चिकट्याला छळणार ते खारं पाणीच. म्हणून माझी मागणी यंत्रांच्या यादीत बसणारी आहे. इनलेटला क्लोराईड आणि विद्युतवाहकता सतत मोजावी आणि आकडे तिथीशी ताडून बघावेत. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आठवड्यातून एकदा तरी तपासावं. सिलिंडरचं वाचन पाचव्या आणि तिसाव्या, दोन्ही मिनिटांना घ्यावं. मायक्रोस्कोप लॅबच्या कपाटात न ठेवता टेबलावर ठेवावा आणि शाईची बाटली त्याच्या शेजारी. कोणत्या मलवाहिनीतून उधाणाला पाणी शिरतं हे क्लोराईडवरून शोधून तिची दुरुस्ती आधी करावी. आणि बाहेर सोडलेल्या पाण्याचे महिन्याचे आकडे मराठीत छापून दांड्याच्या, चिंबईच्या आणि जुहूच्या कोळीवाड्यांत मच्छीमार सोसायट्यांच्या फळ्यावर लावावेत. उधाण कोणत्या दिवशी होतं ते तिथल्या माणसांना सांगावं लागणार नाही. गाळ त्या दिवशी का बिघडला, हे आकड्यांवरून तेच ओळखतील.